गिअरबॉक्स बसला, पण जुळला नाही

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना तोंडात आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बेसिकली’ शक्य तेवढे गाळलेत. सगळे गाळले असते तर भाग अर्धाच उरला असता.)

लोकलमध्ये असाल, भांडी घासत असाल किंवा ऑफिसची मीटिंग म्यूट करून मला ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

गेल्या भागात आपण ऑटोमॅटिक गाडी घ्यावी की मॅन्युअल यावर बोललो होतो. त्यावर एका श्रोत्याचा मेसेज आला. “दादा, पेट्रोल आणि डिझेलचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एकच असतो का? एकाचा काढून दुसऱ्याला लावला तर चालतो का?”

छोटं उत्तर देतो. कधी लागतच नाही, आणि कधी छान लागतो. लागत नाही तेव्हा फार नुकसान होत नाही. यार्डातच कळतं, आपण रिकाम्या हातानं घरी येतो. छान लागतो तेव्हा मात्र जपायचं. मी जपलो नाही, आणि त्याचे पैसे एका सत्तरीतल्या माणसाच्या खिशातून गेले. आज तीच गोष्ट सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर लिहितो. कोणत्या वेगाला कोणता गिअर पडावा, तेलाचा दाब किती असावा, हे ठरवणारा जो छोटा कॉम्प्युटर गाडीत असतो, त्यातला कोड. ऑफिस पुण्यात, पण मधे दीड वर्ष मला ऑनसाइट पाठवलं होतं, अमेरिकेत मिशिगनला. तिथे मी एका घराच्या तळघरातली खोली भाड्याने घेतली होती. घरमालक सत्तरीचे, एकटे राहायचे. तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारायचो, तिकडे तीच पद्धत आहे. मनात मात्र आजोबाच म्हणायचो. तेव्हा इथेही आजोबाच म्हणतो.

दोन शब्दांचा घोळ आत्ताच मिटवून टाकू. तिकडे ‘ट्रक’ म्हणजे आपला मालट्रक नाही. पिकअप, पुढे केबिन, मागे उघडा हौदा. आणि ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल. गॅस ट्रक ऐकून माझ्या डोळ्यापुढे पहिल्यांदा सिलिंडरच्या डिलिव्हरीची गाडी आली होती. आज मी पेट्रोल आणि डिझेलच म्हणणार आहे.

आजोबांचा ट्रक १९९५ चा शेवरले. ६.५ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, आणि त्यामागे फोर-एल-एटी-ई नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक. पुढे बर्फ ढकलायचं मोठं लोखंडी पातं. मिशिगनमध्ये थंडीत बर्फ पडला की दुकानांची, दवाखान्यांची पार्किंग पहाटे साफ करून द्यावी लागते. आजोबांकडे अशी पाच पार्किंगं ठरलेली होती. पेन्शन होती, पण वर्षभराची औषधं आणि घराचा टॅक्स या कामातून निघायचा. ऑक्टोबर अखेरीस ट्रकचा गिअरबॉक्स गेला. तेल काळं, तळाच्या पॅनमध्ये चकचकीत लोखंडाचा चुरा. बर्फ पडायला जेमतेम तीन आठवडे होते.

डिझेलचा रिबिल्ट गिअरबॉक्स दोन हजार डॉलरच्या वर. पन्नास मैलांवरच्या यार्डात त्याच साली बनलेल्या, त्याच कंपनीच्या, ५.७ लिटर पेट्रोल ट्रकचा फोर-एल-एटी-ई चारशे डॉलरला होता. आजोबांनी मला विचारलं, “तुझं कामच गिअरबॉक्सचं आहे ना? हा चालेल का?”

आता इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण मी ‘चालेल’ का म्हणालो ते कळायला हवं.

पहिली अडचण असते ती तोंडाची. गिअरबॉक्सचा पुढचा घंटेसारखा भाग इंजिनच्या मागच्या बाजूला बोल्टनी बसतो. फोर्डच्या त्या काळच्या ई-फोर-ओ-डी गिअरबॉक्समध्ये ही घंटा आणि मागची बॉडी मिळून एकच ओतकाम. छोट्या पेट्रोल इंजिनसाठी वेगळी बॉडी, मोठ्या ४६० पेट्रोलसाठी वेगळी, डिझेलसाठी वेगळी. आतले भाग बरेचसे सारखे, पण तोंड निराळं. डॉजच्या ट्रकमध्येही तेच. फोर्टी-सेव्हन-आर-ई हे नाव पेट्रोलच्या व्ही-टेन मागेही दिसतं आणि कमिन्स डिझेल मागेही, पण बॉडीची अदलाबदल होत नाही. नाव एक म्हणून घरी आणाल आणि अंगणात ठेवून बघत बसाल.

शेवरलेचं मात्र वेगळं. त्यांच्या ६.२ आणि ६.५ डिझेल इंजिनांच्या मागची बोल्टची मांडणी त्यांच्या नेहमीच्या पेट्रोल व्ही-एटसारखीच. त्यामुळे पेट्रोलचा फोर-एल-एटी-ई डिझेलमागे सरळ बसतो. साल तेवढं बघायचं. १९९७ पासून तेलाच्या कूलरची एक नळी मागे सरकवली गेली. यार्डात १९९८ चाही एक होता, तो मी यासाठीच सोडला. इथपर्यंत मी हुशार होतो.

दुसरी अडचण, गिअर कधी बदलायचा. ही मला सगळ्यात गमतीची वाटते. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते, थ्रॉटल. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ती मिटते आणि इंजिन मागून हवा ओढत राहतं, म्हणून मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. पाय दाबला की व्हॅक्यूम कमी. म्हणजे व्हॅक्यूम मोजला की इंजिनवर लोड किती ते कळलं. फोर-एल-एटी-ई ज्याच्यापासून बनला तो जुना टर्बो ४०० गिअरबॉक्स १९६४ पासूनचा, आणि तो लोड असाच ओळखायचा. मॅनिफोल्डपासून एक बारीक रबरी नळी, तिच्या टोकाला मॉड्युलेटर नावाची डबी. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर.

आता हाच गिअरबॉक्स डिझेलला लावा. डिझेलमध्ये ती झडपच नाही. हवा कायम मोकळी येते, कमी-जास्त होतं ते फक्त इंधन. व्हॅक्यूम नाही. मॉड्युलेटरला वाटतं, ड्रायव्हरने पाय पूर्ण दाबलाय! मग गाडी रिकाम्या रस्त्यावर हळू चालली असली तरी गिअर उशिरा आणि धाडकन पडतो. म्हणून डिझेल ट्रकला कंपनीने वेगळा व्हॅक्यूम पंप दिला, आणि इंजेक्शन पंपाच्या दांडीवर एक व्हॉल्व्ह बसवला. पाय जसा दाबाल तसा तो व्हॅक्यूम कमी करणार. म्हणजे डिझेलने पेट्रोल असल्याचं सोंग घ्यायचं, तेही गिअरबॉक्सचं समाधान व्हावं म्हणून.

त्या गिअरबॉक्समध्ये गव्हर्नरही असायचा, वेगाने फिरणारी छोटी वजनं आणि स्प्रिंगा. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि वरचा गिअर पडतो. पेट्रोलचा गव्हर्नर वरच्या आरपीएमचा हिशोब धरून बनलेला. डिझेल तिथवर जातच नाही, त्याचा इंजेक्शन पंप आधीच इंधन तोडतो. म्हणजे पाय पूर्ण दाबलेला, इंजिन ओरडतंय, आणि गिअर पडायची वेळ काही येत नाही.

फोर-एल-एटी-ई १९९१ साली आला आणि हे सगळं कॉम्प्युटरकडे गेलं. शेवटचा ‘ई’ त्याचाच, इलेक्ट्रॉनिक. दोन सोलेनॉइड गिअर ठरवतात, एक तेलाचा दाब, एक लॉकअप क्लच. आजोबांच्या ट्रकमध्ये पॅडलला केबलसुद्धा नव्हती. पॅडलमध्ये तीन सेन्सर, आणि तिथून सगळं कॉम्प्युटरला. हा कॉम्प्युटर असतो ट्रकमध्ये, गिअरबॉक्समध्ये नाही. डिझेल ट्रकचा कॉम्प्युटर डिझेलच्याच हिशोबाने गिअर पाडणार, मागे गिअरबॉक्स कुठूनही आलेला असो.

बघा, आता माझ्या डोक्यात काय चाललं असेल. तोंड जुळलं. नळ्या जुळल्या. कनेक्टर तोच. मेंदू ट्रकमध्येच, आणि तो डिझेलचाच. मी आजोबांना म्हणालो, “शंभर टक्के चालेल.”

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या लेखी अक्कल सगळी कोडमध्ये असते, बाकीचं नुसतं लोखंड. कोड बरोबर आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला.

राहिला टॉर्क कन्व्हर्टर. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी हा असतो, तेलाने भरलेला मोठ्या भोपळ्याएवढा गोल डबा. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा, दुसरा नुसत्या वाऱ्याने फिरायला लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल. पहिला पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. दुसऱ्याचा वेग पहिल्यापेक्षा थोडा कमी राहतो, त्याला स्लिप म्हणतात. हा डबा वेल्डिंगने बंद केलेला असतो. त्यात वायर नाही, सेन्सर नाही.

आजोबांच्या जुन्या कन्व्हर्टरमध्ये गिअरबॉक्सचा चुरा गेलेला होता. वेल्ड केलेला डबा घरी धुऊन निघत नाही. डिझेलसाठीचा नवा घ्यायचा तर आणखी तीनशे डॉलर. आणि यार्डातून आणलेल्या गिअरबॉक्ससोबत पेट्रोल ट्रकचा कन्व्हर्टर फुकट आला होता, स्वच्छ, तेल छान लाल. आजोबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “हाच लावू. तीनशे वाचले.”

दोन शनिवार-रविवार लागले. शंभर किलोच्या वरचं धूड जॅकवर चढवून ट्रकखाली झोपून बसवायचं, वर मिशिगनचा नोव्हेंबर, बोटं बधिर. एका ठिकाणी आजोबांनी मला वाचवलं. कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये तीन टप्प्यांत आत बसतो, प्रत्येक वेळी खट्ट होतं. मला दोनदा जाणवलं आणि मी म्हटलं झालं, आता बोल्ट आवळू, येईल जवळ. त्यांनी पाना माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, “हाताने जवळ येत नसेल तर बोल्टने ओढायचं नाही. आतला पंप फुटतो.” परत काढला, फिरवला, तिसरं खट्ट ऐकू आलं. मग घंटा इंजिनला अलगद टेकली. तुम्ही कधी हे काम केलंत तर एवढं तरी लक्षात ठेवा.

ट्रक सुरू झाला. रिव्हर्स पडला, ड्राइव्ह पडला, चारही गिअर लोण्यासारखे. आजोबांनी मला मिठी मारली. मी त्या रात्री घरी फोन करून आईलाही सांगितलं. तिला गिअरबॉक्सचं काही नव्हतं, तिने विचारलं, जेवलास का.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला मोठा बर्फ पडला. पहाटे चारला मीही सोबत गेलो. पहिलं पार्किंग दवाखान्याचं. काम कसं असतं बघा: पातं खाली, पुढे ढकला, रिव्हर्स, परत ढकला, परत रिव्हर्स. वेग पंधरा-वीसच्या वर जातच नाही. मला जाणवलं की पातं बर्फाला भिडलं की इंजिन वर चढतंय, ट्रक मात्र मागून निवांत येतोय. आजोबा काही बोलले नाहीत. चाळीस मिनिटांत तेलाच्या तापमानाचा काटा एकशे वीस डिग्री सेल्सियसच्या पुढे गेला. ऐंशी ते पंच्याण्णवच्या मधे तो असायला हवा. केबिनमध्ये जळका वास यायला लागला. आजोबांनी अर्ध्यात पातं उचललं आणि ट्रक बंद केला.

दवाखान्याचं पार्किंग अर्धं पांढरं, अर्धं काळं. सहा वाजता नर्सेसची शिफ्ट बदलणार होती. आजोबांनी फोन करून दुसऱ्या एका प्लाऊवाल्याला बोलावलं.

सकाळी ट्रक गावातल्या गिअरबॉक्सच्या मेकॅनिककडे नेला. त्याने खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. एकच प्रश्न विचारला, “कन्व्हर्टर कुठला?”

त्याचं गणित मी रात्री बसून केलं. कॉलेजमध्ये शिकलो होतो हो, पेपरात मार्कही मिळाले होते. कन्व्हर्टर किती टॉर्क पेलतो, ते आरपीएमच्या वर्गावर ठरतं. गाडी जागेवर अडली असताना इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमपर्यंत जाऊ शकतं, त्याला स्टॉल म्हणतात. कन्व्हर्टरवर स्टॉलचा आकडा सांगतात तो एका ठरावीक इंजिनमागचा असतो. इंजिन बदललं की आकडा बदलला.

५.७ पेट्रोलचा टॉर्क साधारण ४०० न्यूटन-मीटर, तोही २४०० आरपीएमला. आजोबांच्या डिझेलचा ५२० च्या आसपास, आणि तो १७०० लाच. म्हणजे पेट्रोलसाठी बेतलेल्या कन्व्हर्टरला जवळपास सव्वापट टॉर्क मिळायला लागला. तो पेलायचा तर इंजिनला आणखी वर चढावं लागणार, २००० आरपीएमकडे. डिझेलची खरी ताकद खाली, आणि आपण त्याला वर पळवतोय. वरच्या सगळ्या फिरण्याचं काय होतं? उष्णता. ट्रक बर्फाला अडून उभा असतो त्या क्षणी इंजिनची सगळी शक्ती तेलात जाते. ५०० न्यूटन-मीटर आणि २००० आरपीएम, करा गुणाकार. शंभर किलोवॅटच्या वर. घरचा गिझर दोन किलोवॅटचा असतो. असे पन्नास गिझर, काही सेकंद का होईना, दहा-बारा लिटर तेलात. बर्फाच्या प्रत्येक ढिगाऱ्याला एकदा.

मोकळ्या रस्त्यावर कदाचित हे वर्षभर कळलंही नसतं. तिथे लॉकअप क्लच लागतो आणि स्लिप संपते. म्हणूनच आमची टेस्ट ड्राइव्ह एकदम पास झाली होती. मी टेस्ट केली ती सोपी, आणि ट्रकचं काम होतं अवघड. ज्या कामासाठी ट्रक ठेवलाय तेच काम मी टेस्टमध्ये घेतलं नाही.

पुन्हा सगळं काढलं. ६.५ डिझेलसाठीचा कन्व्हर्टर मागवला, कूलर आणि नळ्या धुऊन घेतल्या, तेल नवीन. वाचवलेल्या तीनशेचे जवळपास सातशे झाले. त्यातले अर्धे मी देऊ केले, आजोबांनी घेतले नाहीत. त्या महिन्याच्या भाड्यात मी जास्त टाकले, ते त्यांनी पुढच्या महिन्यात वळते केले. पण मोठं नुकसान ते नव्हतं. ट्रक उभा होता त्या दहा दिवसांत आणखी दोनदा बर्फ पडला, आणि दवाखान्याने पार्किंगचं काम त्या दुसऱ्या प्लाऊवाल्याला कायमचं दिलं. पाचातलं सगळ्यात मोठं तेच होतं.

आजोबा माझ्यावर एकदाही चिडले नाहीत. नवा कन्व्हर्टर बसवताना ट्रकखाली माझ्या शेजारी आडवे झाले, टॉर्च धरला आणि विचारलं, “आता यात पेट्रोलचं आणखी काय काय राहिलंय? एकेक मोठ्याने सांग.”

हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारायला हवा होता. मी विचारत राहिलो, काय काय जुळतंय? बोल्ट, नळी, कनेक्टर, कॉम्प्युटर. यादी लांब होत गेली आणि माझा आत्मविश्वास वाढत गेला. त्यांनी उलटं विचारलं. मग आम्ही मोजलं. इंजिनला लागलेली फ्लेक्सप्लेट, डिझेलची. कॉम्प्युटर, डिझेलचा. पॅडल, डिझेलचं. कन्व्हर्टर, आता डिझेलचा. गिअरबॉक्सची बॉडी आणि आतले गिअर पेट्रोल ट्रकचे, पण ते दोन्हीकडे त्याच रेशोचे, २.४८, १.४८, १.०० आणि ०.७५. चालेल. पाच मिनिटं लागली. जानेवारीत त्याच ट्रकने उरलेली चारही पार्किंगं साफ केली, काटा नव्वदवर.

तर ज्या श्रोत्याने प्रश्न विचारला त्याला, आणि सेकंडहँड गिअरबॉक्स शोधणाऱ्या सगळ्यांनाच, माझं सांगणं एवढंच. बॉडीचं तोंड बघा, साल बघा. कॉम्प्युटर कुठे आहे आणि कुठल्या इंजिनचा आहे ते बघा. कन्व्हर्टर इंजिनच्या जातीचाच घ्या, फुकट मिळालेला दुसरा लावू नका. जुना गिअरबॉक्स चुरा होऊन गेला असेल तर कूलर धुतल्याशिवाय नवा जोडू नका. आणि टेस्ट घ्यायची ती गाडीच्या रोजच्या कामाची, रिकाम्या रस्त्यावरची नाही.

पुण्यात परत आलो तेव्हा टीममध्ये एका गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर पेट्रोल गाडीवरून डिझेलवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. रिव्ह्यूमध्ये एक ज्युनिअर म्हणाला, “सर, इंटरफेस सेम आहे, सगळं मॅच होतंय.” मी त्याला म्हटलं, “यात पेट्रोलचं काय काय राहिलंय, ते एकेक मोठ्याने सांग.” तो गोंधळून बघत राहिला. मग आम्ही दोघं बसलो, आणि सात गोष्टी निघाल्या.

आजोबांना गेल्या दिवाळीत फोन केला होता. दवाखान्याचं काम परत मिळालं नाही. ट्रक चालतोय.

चला मंडळी, आजच्यासाठी एवढंच. ‘बसतंय म्हणजे चालतंय’ असं समजून तुम्ही कधी काही जोडलं असेल, गाडीत किंवा कोडमध्ये, तर व्हॉइस नोट पाठवा. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.